पातेऱ्यातला ताप

आमच्याकडे काजू काढायचा म्हणतात, पण प्रत्यक्षात तो वेचायचा असतो. बोंडू पिकून खाली पडतो, तो उचलायचा, पिळून बी वेगळी करायची, बी बालदीत टाकायची आणि बोंडू पाटीत. फेब्रुवारीच्या मध्यापासून मे संपेपर्यंत हेच काम. पडलेला बोंडू सरळ जमिनीवर राहत नाही, पातेऱ्यात शिरतो. पातेरा म्हणजे झाडाखाली साठलेल्या वाळक्या पानांचा थर. आमच्या बागेत काही ठिकाणी तो घोट्यापर्यंत येतो. वरून नुसता लाल किंवा पिवळा ठिपका दिसतो. तिथे वाकायचं, हात घालायचा आणि चाचपायचं. दिवसातून किती वेळा हात घालावा लागतो ते एकदा मी मोजायला घेतलं. पहिल्या तासातच दोनशेच्या वर आकडा गेला आणि मी मोजणं सोडून दिलं.

मी दोडामार्ग तालुक्यातली. साडेतीन एकर बाग आहे. निम्मी कलमं वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ जातीची, बाकीची सासऱ्यांच्या हातची गावठी झाडं. वरच्या अंगाला कुंपण नाही. बाग कुठे संपते आणि रान कुठे सुरू होतं हे सातबाऱ्यावर कळतं, जागेवर गेलात तर कळणार नाही. आमच्या भागात निम्म्याहून जास्त बागा अशाच आहेत.

२०१७ च्या मार्चमधली गोष्ट. सासूबाईंच्या काळापासून आमच्याकडे वेचणीला येणारी एक बाई आहे, मी तिला आक्का म्हणते. सकाळी दहाच्या सुमारास ती पाटी खाली ठेवून झाडाच्या बुंध्याला टेकून बसली. असं ती कधी बसत नसे. मी जवळ गेले तर म्हणाली, "वयनी, आज माका काय सुधरना नाय. डोक्या फुटता." हात लावला तर अंग तव्यासारखं तापलेलं. सकाळी सात वाजता हसत आलेली बाई तीन तासांत उठून उभी राहू शकत नव्हती. पोटऱ्या आणि कंबर कोणीतरी पिळून काढतंय असं ती सांगत होती.

तिच्या मुलीने तिला एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सलाईन लावलं, रक्त तपासलं. प्लेटलेट कमी, पांढऱ्या पेशी कमी, म्हणून डेंग्यू धरला. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली तरी डेंग्यूचेच उपचार चालू राहिले. चौथ्या दिवशी हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा सरकारी दवाखान्यात नेलं आणि रक्ताचा नमुना पुढे गेला. अहवाल आला तेव्हा ताप उतरला होता. माकडताप. घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला. दहा-बारा दिवसांनी पुन्हा ताप चढला. या वेळी मान ताठरली, हात कापायला लागले, ती मुलीला तिच्या मावशीच्या नावाने हाक मारायला लागली. मग गोव्याला नेलं. ती वाचली. पण त्या हंगामात ती पुन्हा बागेत आली नाही, आणि पुढच्या हंगामात आली तेव्हा दुपारनंतर तिचे हात थरथरत.

या सगळ्या दिवसांत तीन ठिकाणी तिचे केसपेपर झाले. ते कागद मी नंतर पाहिले. नाव आहे, वय आहे, वजन आहे. काम काय करते, हे एकाही कागदावर नाही. मार्च महिन्यात, दोडामार्ग तालुक्यात, अचानक ताप भरलेल्या बाईला "काजूला जातेस का गो?" एवढं विचारलं असतं, तर चार दिवस वाचले असते.

मला आज जे सांगायचंय ते एवढंच आहे. माकडताप हा आपण जंगलाचा आजार म्हणतो, माकडांचा म्हणतो. तो कामाचा आजार आहे. जो माणूस मजुरीसाठी रोज पातेऱ्यात हात घालतो, पालापाचोळा गोळा करतो, मोळी आणतो, गुरं रानात नेतो, त्याला तो होतो. म्हणून त्याची जबाबदारीही काम देणाऱ्यावर आणि त्या कामाच्या जिवावर कर गोळा करणाऱ्या सरकारवर यायला हवी. त्या काम देणाऱ्यांत मी आहे.

आधी तो होतो कसा ते सांगते, कारण आमच्या गावातसुद्धा अजून अनेकांना वाटतं की माकड चावल्याने होतो. हा विषाणूचा ताप आहे आणि तो गोचिडीतून येतो. गुरांच्या कानात फुगून बसलेली, वाटाण्याएवढी गोचीड आपण सगळे ओळखतो. माणसाला चावते ती बहुतेक वेळा तिचं पिल्लू असतं, खसखशीच्या दाण्याहून थोडं मोठं. ही पिल्लं नोव्हेंबर-डिसेंबरपासून पातेऱ्यात आणि गवताच्या पात्यांवर तयार असतात, मे महिन्यापर्यंत राहतात. पावसाळ्यात मोठ्या गोचिडींचे दिवस असतात, त्या गुरांना लागतात. म्हणजे पिल्लांचा हंगाम आणि काजूचा हंगाम एकच. ज्या महिन्यांत ती सर्वात जास्त, नेमके त्याच महिन्यांत आमच्या बायका दिवसाचे आठ तास जमिनीवर वाकलेल्या असतात.

पिल्लू चावतं ते कळत नाही, दुखत नाही, खाजही लगेच येत नाही. आक्का आजारी पडली त्याच हंगामात, एप्रिलमध्ये, मी संध्याकाळी आंघोळीला बसले असताना मांडीच्या आतल्या बाजूला एक तीळ दिसला. तिथे तीळ नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी क्षणभर मी तो तीळच समजले. मग तो हलला. मी चष्मा आणला, बॅटरी आणली. आठ बारीक पाय, तोंड कातडीत रुतलेलं. सासूबाई असत्या तर रॉकेलचा बोळा लावायला सांगितलं असतं. आक्काच्या आजारपणात आरोग्यसेविकेने मला सांगितलं होतं म्हणून मी तसं केलं नाही. रॉकेल लावलं, चटका दिला किंवा नखाने चिरडली तर तिच्या पोटातलं आपल्या जखमेत उतरण्याची भीती असते. भुवया कोरायच्या चिमट्याने कातडीला लागून पकडून, न पिळता, सरळ वर ओढायची. ओढली तेव्हा कातडी तंबूसारखी उचलली गेली आणि मग ती सुटली. साबणाने धुतलं आणि कॅलेंडरवर त्या तारखेला खूण केली. चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत ताप येऊ शकतो. ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. मला काही झालं नाही. प्रत्येक गोचिडीत विषाणू असतोच असं नाही.

या तापावर औषध नाही. विषाणू मारणारी गोळी नाही, इंजेक्शन नाही. अंगातलं पाणी आणि रक्तदाब सांभाळायचा, रक्तस्राव होतोय का ते बघायचं, मेंदूवर परिणाम होतोय का ते बघायचं, एवढंच दवाखान्याच्या हातात असतं. शंभरात तीन ते पाच रुग्ण दगावतात. वेळेवर दवाखान्यात पोचलेला माणूस बहुतेक वेळा वाचतो, म्हणून तर "काम काय करतेस?" हा प्रश्न इतका मोलाचा.

हा ताप पहिल्यांदा ओळखला गेला तो १९५७ साली, कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर नावाच्या जंगलात. माकडं मरून पडत होती आणि शेजारच्या गावांत माणसं तापाने फणफणत होती. आधी शंका आली ती पीतज्वराची. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातून, आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतून, शास्त्रज्ञ तिथे गेले. टेलफर्ड वर्क तेव्हा केंद्राचे संचालक होते. विषाणू सापडला, तो रशियातल्या एका गोचीड-तापाच्या विषाणूसारखा निघाला, म्हणून स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांनी तो आणला असेल का अशी शंका आली. त्या शंकेपायी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने सलीम अलींच्या देखरेखीखाली पक्ष्यांच्या पायांत कड्या घालून त्यांच्या प्रवासाचा अभ्यास केला. आपल्या देशातल्या पक्षी-अभ्यासाला त्यातून मोठं बळ मिळालं. मला त्या कामाबद्दल आदर आहे. माकडं मोजली गेली, उंदीर आणि चिचुंद्र्या पकडून तपासल्या गेल्या, पक्ष्यांना कड्या घातल्या गेल्या. रानात जाणाऱ्या मजुराची मोजणी मात्र तो आजारी पडल्यानंतरच झाली.

त्या संशोधकांनी एक गोष्ट तेव्हाच दाखवली होती. जंगल तोडून शेती-बागायत वाढली, गुरं रानाच्या कडेला चरायला लागली, गुरांच्या अंगावर मोठ्या गोचिडी पोसल्या गेल्या आणि त्यांची संख्या वाढली. गुरांना हा ताप येत नाही, ती फक्त गोचिडी वाढवतात आणि इकडून तिकडे नेतात. आमच्याकडे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत डोंगर साफ करून रबर लागलं, काजू लागला. मीसुद्धा वरच्या अंगाची अर्धा एकर झाडी काढून कलमं लावली आहेत. ताप आमच्या दारात आला त्यात आमचा हात नाही असं मी म्हणू शकत नाही.

पन्नासेक वर्षं तो कर्नाटकातल्या काही जिल्ह्यांपुरता होता. मग २०१२ मध्ये बंदीपूरच्या जंगलात, त्यानंतर केरळात वायनाडला, २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात, आणि २०१६ च्या सुरुवातीला आमच्या दोडामार्ग तालुक्यात केर गावात. पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या बाजूला. नकाशावर बोट फिरवलं तर ते सह्याद्रीच्या कडेकडेने आधी खाली आणि मग वर सरकतं. गोव्यातल्या काजू कामगारांना कामामुळे हा ताप होतो हे पुण्याच्या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये शोधनिबंधात मांडलं. म्हणजे मी वेगळं काही सांगत नाही. शास्त्राने ओळखलेलं आहे. कायद्याने आणि व्यवहाराने अजून ओळखलेलं नाही.

आमच्या फाट्यावर एक फलक होता. माकडतापापासून सावध राहा, मेलेल्या माकडाजवळ जाऊ नका, जंगलात जाणे टाळा. पहिल्या दोन ओळी बरोबर आहेत. तिसऱ्या ओळीपाशी मी प्रत्येक वेळी थांबायचे. कोणी टाळायचं? ज्या बाईचं वर्षाचं रोकड उत्पन्न फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत उभं राहतं, मुलांच्या शाळेची फी आणि पावसाळ्याचा तांदूळ त्यातून येतो, तिला टाळा म्हणून सांगायचं? आणि तिने टाळलं तर माझी बी कोण गोळा करणार? बी चार दिवस पातेऱ्यात पडून राहिली आणि अवकाळी पाऊस झाला तर ती काळी पडते आणि दर उतरतो. मला ती यायला हवी असते. ती यावी म्हणून मी आदल्या संध्याकाळी निरोप पाठवते. मग टाळण्याचा उपदेश तिला एकटीला कसा?

कायद्याचं सांगते. कामगार नुकसानभरपाईचा १९२३ सालचा कायदा होता. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजारांची यादी होती. तिच्यात पहिल्याच नोंदीत संसर्गजन्य आजार होते. प्रयोगशाळेतलं काम, जनावरांच्या दवाखान्यातलं काम, जनावरं किंवा त्यांची मढी हाताळण्याचं काम, आणि शेवटी संसर्गाचा विशेष धोका असलेलं इतर काम. हा माकडताप प्रयोगशाळेत त्याचा अभ्यास करणाऱ्यांनाही झालेला आहे. प्रयोगशाळेतल्या माणसाला झाला तर तो कामाचा आजार, हे कायदा मानतो, आणि मानायलाच हवं. पण ज्या पातेऱ्यातून तो विषाणू प्रयोगशाळेत गेला, त्या पातेऱ्यात हात घालणारी बाई रोजावर आहे, तिचं नाव कुठल्या हजेरीपटावर नाही, त्यामुळे ती त्या दारापर्यंत पोचतच नाही. मळ्यांतल्या कामगारांसाठी १९५१ मध्ये वेगळा कायदा झाला. त्यात चहा, कॉफी, रबर, सिंकोना आणि पुढे वेलदोडा ही नावं होती. काजू नव्हता. कायदे बदलले, संहिता आल्या, पण आमच्या बागेतली परिस्थिती तीच आहे.

आपल्या राज्याची एक चांगली योजना आहे, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची, शेतकऱ्यांच्या अपघाताची. साप चावून शेतकरी गेला तर त्याच्या घरी २ लाख रुपये मिळतात. विंचू चावला तरी मिळतात, वीज पडली, विहिरीत बुडाला, झाडावरून पडला तरी मिळतात. यादीत गोचीड नाही. का नाही, याचं एक उत्तर मला मिळालं की तो अपघात नसून आजार आहे. सापाच्या विषाने माणूस मरतो आणि गोचिडीच्या विषाणूनेही मरतो. दोन्ही वेळा शेतात काम करत असताना त्याला एक जीव चावलेला असतो. फरक एवढाच की सापाचे दात दिसतात. शिवाय ही योजना सातबारा असलेल्या घरासाठी आहे. आक्काच्या नावावर एक गुंठाही नाही. म्हणजे मला गोचीड चावली तर यादीत नाव नाही म्हणून काही नाही, आणि तिला साप चावला तरी काही नाही.

जर्मनीत जंगलात काम करणाऱ्याला गोचिडीमुळे आजार झाला तर तो व्यवसायजन्य आजार म्हणून मानला जातो, त्यासाठी यादीत नोंद आहे. श्रीमंत देशाचं उदाहरण आपल्याला कशाला, असं कोणी म्हणेल, तर मी घरचं उदाहरण देते. आमच्या तालुक्यात हत्ती येतात. हत्तीने माड मोडला की वनखात्याचा माणूस येतो, पंचनामा होतो, कमी-जास्त का होईना भरपाई मिळते. माडाचा पंचनामा करण्याची पद्धत आपण बसवली आहे. वेचणाऱ्या बाईचे बुडालेले दिवस मोजायला पंचनाम्याची कुठलीच पद्धत नाही.

ते दिवस मी मोजले. त्या वर्षी आमच्याकडे दिवसाची मजुरी अडीचशे रुपये होती. आक्का आजारी पडली त्या दिवसापासून बागेतली शेवटची बी उचलली त्या दिवसापर्यंत वेचणीचे बावन्न दिवस झाले. म्हणजे १३ हजार रुपये. गोव्याला जायच्या-यायच्या जीपचं भाडं वेगळं. मुलीचा बुडालेला रोज वेगळा. मी काय केलं? ती दवाखान्यातून आल्यावर भेटायला गेले, हातावर दोन हजार रुपये ठेवले, नारळ दिले. तिने दोन्ही हातांनी घेतले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी येताना मला बरं वाटलं होतं. आपण माणुसकीने वागलो असं वाटलं होतं. पुढच्या पावसाळ्यात हिशेबाची वही लिहिताना हे बावन्न दिवस माझ्या समोर आले आणि मला ते बरं वाटलेलं आठवून लाज वाटली. ती माझ्या बागेत, माझ्या कामावर आजारी पडली होती. ते पैसे तिचे होते, मी ते भेट म्हणून दिले होते, आणि तेही निम्म्याचे निम्मेसुद्धा नव्हते. उरलेले मी पुढच्या दोन हंगामांत फेडले. तिने "ह्या कशाक वयनी?" असं विचारलं तेव्हा मी "तुझे आहेत" एवढंच म्हटलं.

तेव्हापासून आमच्या पडवीत काही गोष्टी असतात. आरोग्य केंद्रातून मिळणारं डीएमपी तेल, गोचिडीला दूर ठेवणारं. पूर्वी ते ज्याचं त्याने न्यायचं असं होतं. बाटली घरी राहायची, मुलं सांडायची, संपलं की पुन्हा कोण जाणार? आता ते मी आणते. सकाळी सात वाजता कामाला लागण्याआधी सगळ्यांनी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, हातांना, मानेला लावायचं, आणि दहाच्या पेजेच्या वेळी पुन्हा, कारण घामाने ते उतरतं. त्या लावण्याची दहा मिनिटं कामाच्या वेळात धरलेली आहेत. ही दहा मिनिटं मजुरांच्या वेळातून घेतली तर कोणी तेल लावत नाही, हे मी दोन हंगाम बघितलंय. वीस जोड पायमोजे घेतले, साडीच्या आत विजार घालून ती मोज्यात खोचायची. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात हे किती त्रासाचं आहे हे मी स्वतः घालून बघितलंय, म्हणून अकरा ते तीन आम्ही काम बंद ठेवतो. संध्याकाळी चुलीवर दोन हंडे पाणी तापलेलं असतं. कामाचे कपडे तिथेच काढून गरम पाण्यात टाकायचे, साबणाने आंघोळ करायची, आणि एकीने दुसरीचे गुडघ्यांमागचे खळगे, काखा, केसांची मुळं बॅटरीने बघायची. बॅटरी आणि दोन चिमटे खुंटीला टांगलेले आहेत. एका वहीत गोचीड सापडलेल्याचं नाव आणि तारीख लिहायची. वेचलेल्या जागेवर बसून पेज खायची नाही, घोंगडं पसरूनही नाही. पातेरा उचलून घराच्या मागे रचायचा नाही, तो रचला की रान अंगणात येतं.

या सगळ्याला एका हंगामाला मला जेवढा खर्च येतो तो एक पोतं बीच्या किमतीपेक्षा कमी आहे. हे मी मोठेपणा सांगायला लिहीत नाही. बागायतदार म्हणतात परवडत नाही, त्यांना सांगायला लिहिते.

पण पडवीतून होण्यासारखं एवढंच. बाकीचं सरकारने करायला हवं. रक्ताचा अहवाल दोन दिवसांच्या आत मिळायला हवा. डिसेंबर ते मे या काळात आमच्या दोन तालुक्यांत तापाचा रुग्ण आला की त्याचं काम केसपेपरवर लिहिणं सक्तीचं हवं, खाजगी दवाखान्यातसुद्धा. लेप्टोच्या, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या, बाबतीत हे जमलंय. भात लावणीच्या दिवसांत तापाचा माणूस आला की आमच्याकडचा कुठलाही डॉक्टर विचारतो, चिखलात उतरला होतास का? आशाताई गोळ्या घेऊन घरोघरी फिरतात. लेप्टो शेतकऱ्याचा आजार आहे हे सगळ्यांनी मान्य केलंय, म्हणून तो प्रश्न तोंडात येतो.

लशीबद्दलही बोलायला हवं. कर्नाटकात वर्षानुवर्षं एक लस दिली जात होती. एका महिन्याच्या अंतराने दोन डोस, मग सहा-नऊ महिन्यांनी तिसरा आणि नंतर दरवर्षी. इंजेक्शन दुखायचं, त्यामुळे बरेच जण पहिल्या डोसनंतर परत येत नसत. २०१३ च्या अभ्यासात दोन डोसांनंतर सुमारे ६२ टक्के आणि तिसऱ्यानंतर सुमारे ८३ टक्के संरक्षण मिळत असल्याचं दिसलं होतं, पुढे ती पुरेशी गुणकारी नाही म्हणून वापर थांबला. आता भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि इंडियन इम्युनॉलॉजिकल्स मिळून नवी लस तयार करत आहेत. ती येईल तेव्हा ती शाळेत किंवा आरोग्य केंद्रात सकाळी देऊ नका. सकाळी आमच्या बायका बागेत असतात. नोव्हेंबरमध्ये द्या, संध्याकाळी द्या, वाडीत येऊन द्या, आणि तो अर्धा दिवस मजुरीचा धरा.

माकडांबद्दल दोन शब्द. ताप आल्यापासून लोक माकडांना शत्रू समजायला लागले. आधीच ती बोंडू नासवतात, केळी ओरबाडतात, त्यामुळे राग होताच. पण वानर आणि लाल तोंडाची माकडं या तापाने आपल्याहून भराभर मरतात. माकड मरून पडलं म्हणजे त्या जागेवर विषाणू आहे ही आपल्याला मिळालेली पहिली खबर असते. मेलेलं माकड थंड पडलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि त्याच जागी पातेऱ्यात थांबतात. म्हणून त्याला हात न लावता वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला कळवायचं, ते आजूबाजूला पावडर मारतात. आमच्याकडे लोक कळवत नाहीत. कळवलं की माणसं येतात, प्रश्न विचारतात, बागेतलं काम चार दिवस बंद पडतं, आणि त्या चार दिवसांची मजुरी कोणी देत नाही. म्हणून गुपचूप खड्डा करून पुरतात, आणि पुरणाऱ्यालाच ताप येतो. त्या चार दिवसांचे पैसे द्यायची सोय झाली तर माकड मेल्याची खबर दुपारच्या आत पोचेल, याची मला खात्री आहे.

येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी अर्ज देणार आहे. काजूचा हंगाम सुरू व्हायच्या आधीची ती शेवटची ग्रामसभा असते. अर्जात तीन मागण्या आहेत. गावातल्या प्रत्येक बागायतदाराने वेचणीच्या मजुरांची नावं ग्रामपंचायतीत लिहून द्यावीत. माकडताप झाल्यास आजारपणाच्या दिवसांची निम्मी मजुरी बागायतदाराने आणि निम्मी सरकारने द्यावी, असा ठराव करून जिल्हा परिषदेकडे पाठवावा. आणि शेतकरी अपघात योजनेच्या यादीत गोचीड घालावी, भूमिहीन मजुरालाही घ्यावं, अशी शिफारस शासनाला करावी. अर्जावर आतापर्यंत एकोणतीस सह्या झाल्या आहेत. सव्वीस मजुरांच्या आहेत, त्यात सगळ्यात वर आक्काची. आता ती बागेत येत नाही, पडवीत बसून बी निवडते. सही करताना तिचा हात हलत होता म्हणून तिने दुसऱ्या हाताने मनगट धरलं.

बागायतदारांच्या सह्या तीन आहेत, त्यातली एक माझी. बाकीच्यांकडे मी घरोघरी गेले. एका घरी चहा झाला, सगळं ऐकून घेतलं, आणि मग ते गृहस्थ म्हणाले, "वहिनी, हे लिहून दिलं तर उद्या मजूर हक्काने पैसे मागतील." मी म्हटलं, हो भाऊ, त्यासाठीच तर अर्ज लिहिलाय. त्यांनी कागद ठेवून घेतलाय, विचार करतो म्हणाले. अठरा घरं अजून बाकी आहेत.